मुंबईत नव्याने आलात? ‘पॉश’पासून ‘चिंधी’पर्यंतची बोली अशी शिका

सातारा, नांदेड, जळगाव, चंद्रपूर, कुठूनही नोकरीसाठी मुंबईत आलेल्या मराठी माणसाला वाटतं, भाषेची अडचण आपल्याला तरी येणार नाही. लोकलमधलं हिंदी सवयीने कळतं, ऑफिसातलं इंग्रजी हळूहळू जमतं. अडतं ते मराठीतच. ‘जागा एकदम हाय-फाय आहे’, ‘त्याला जास्त भाव देऊ नकोस’, ‘ती टाउनची आहे रे’, ‘कसली चिंधीगिरी करतोस?’ शब्द ओळखीचे असतात, पण समोरच्याने कौतुक केलं, टोमणा मारला की लायकी काढली, ते समजत नाही. या शहरात भिंतीला भिंत लावून राहणारी माणसंही आपापसातलं अंतर अशाच शब्दांनी मोजतात. म्हणून ही बोली शिकायला हवी. आधी कानाने, मग जिभेने.

सगळ्या पायऱ्यांना लागू होणारा नियम आधीच सांगतो. कपडा, जागा, जेवण, गाडी यांच्यावर बोलायचे शब्द बिनधास्त उचला. माणसाच्या समाजातल्या पायरीवर बोलायचे शब्द ओळखायला शिका, पण स्वतःच्या तोंडी घेण्याआधी थांबा.

पहिली पायरी: पत्ता ऐका

‘कुठे राहतोस?’ हा प्रश्न इथे सहज विचारला जातो आणि उत्तरातून बरंच काही जोखलं जातं. लाइन कुठली: वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर? ईस्ट की वेस्ट? स्टेशनपासून चालत की रिक्षाने? एवढ्यावरून भाडं, पगार आणि सकाळी किती वाजता घर सोडत असाल, याचा अंदाज बांधला जातो. त्यामुळे अनेक नवे लोक पत्ता थोडा वर सरकवून सांगतात. कळव्याचा माणूस ‘ठाण्याला’ म्हणतो, नालासोपाऱ्याचा ‘वसईच्या बाजूला’. तसं करू नका. स्टेशनचं नाव आणि बाजू सरळ सांगा: ‘डोंबिवली ईस्ट.’ इथल्या कामकरी माणसाला त्यात काहीही कमी वाटत नाही, कारण त्याच्या शेजारी बसणारे निम्मे लोक तिकडूनच आलेले असतात.

‘टाउन’ हा शब्द रोज कानावर पडेल. उपनगरातला माणूस ‘आज टाउनला काम आहे’ म्हणतो, तेव्हा तो फोर्ट, चर्चगेट, कुलाबा, नरिमन पॉइंटकडे निघालेला असतो. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, टॅक्सी घ्यावी लागते. तिथून शहर सुरू झालं असं समजा. पण दादर-परळला टाउन म्हटलेलं फारसं ऐकू येणार नाही. तो शब्द आणखी खालचा, समुद्राच्या टोकाकडचा.

‘सोबो’ म्हणजे साउथ बॉम्बेचं लहान रूप. ऐकायला दिशा वाटते, पण आहे तो वर्ग. गिरगाव, माझगाव, डोंगरी, उमरखाडी हे सगळं नकाशावर दक्षिण मुंबईतच आहे, तरी तिथल्या रहिवाशाला कुणी सोबो म्हणत नाही. सोबो म्हणजे मलबार हिल, नेपियन सी रोड, अल्टामाउंट रोड, कफ परेड आणि तिथली राहणी: जिमखान्याचं सभासदत्व, पिढीजात इंग्रजी, सुट्टीत परदेश. ‘जिमखाना’ शब्दावरही लक्ष ठेवा. आझाद मैदानाच्या कडेचा बॉम्बे जिमखाना १८७५ सालचा आहे. अशा ठिकाणचं सभासदत्व नुसते पैसे मोजून हातात पडत नाही, वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. म्हणून ‘ते क्लबवाले आहेत’ या वाक्यात पैशापेक्षा घराणं जास्त असतं.

ठिकाणांच्या उच्चारातही वर्ग लपलेला असतो. एकच स्टेशन मराठी पाटीवर ‘वांद्रे’, हिंदी पाटीवर ‘बांद्रा’ आणि इंग्रजी शाळेतल्या तोंडी ‘बँड्रा’. तसंच परळ आणि परेल, शीव आणि सायन, भायखळा आणि बायकला. समोरचा वेगळं म्हणतो म्हणून तुम्ही बदलू नका. ‘वांद्रे’ म्हणणारा माणूस मागासलेला, अशी समजूत काही ठिकाणी आहे आणि ती चुकीची आहे. फलाटावरच्या पाटीवर तेच लिहिलंय.

बिल्डरांच्या जाहिराती वाचताना तर हा शब्दांचा खेळ उघड दिसतो. लोअर परळला जाहिरातीत ‘अप्पर वरळी’ म्हटलं गेलं. वडाळ्यातल्या एका मोठ्या संकुलाचं नावच ‘न्यू कफ परेड’ आहे. हे का करावं लागलं, याचं उत्तर इतिहासात आहे. लालबाग, परळ, शिवडी, वरळी म्हणजे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि नंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. ‘परळ’ म्हटलं की कामगार आठवतो, ‘वरळी’ म्हटलं की समुद्र. कोट्यवधींचं घर विकणाऱ्याला दुसरी आठवण हवी असते.

जागा शोधताना दलालाच्या तोंडचे शब्द वेगळेच असतात. मुंबईत घराला ‘जागा’ म्हणतात: ‘मुलाची स्वतःची जागा आहे’ म्हणजे त्याच्या नावावर घर आहे. जुनी माणसं चाळीतल्या ‘खोली’नंतर ‘ब्लॉक’ म्हणतात. ब्लॉक म्हणजे आत संडास-बाथरूम असलेलं घर, आणि चाळीतून ब्लॉकमध्ये जाणं ही एका पिढीची सगळ्यात मोठी झेप होती. ‘ओनरशिप’ म्हणजे मालकीचा फ्लॅट. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यामुळे हा शब्द घरोघरी गेला. ‘पागडी’ म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नंतर नाममात्र भाड्यात राहणं. त्यामुळे गिरगावात राहणारा श्रीमंतच असेल किंवा चाळीत राहणारा गरीबच असेल, असं पत्त्यावरून ठरवू नका. शेवटी ‘कॉस्मो’. दलाल ‘बिल्डिंग कॉस्मो आहे’ म्हणाला तर तिथे सगळ्या समाजांचे लोक राहतात आणि मासे-मटण शिजवायला अडचण नाही, असा अर्थ घ्या. ‘जेन्ट्री’, म्हणजे राहणारी माणसं, ‘चांगली आहे’ म्हणाला, तर ‘चांगली म्हणजे कोण?’ असं तिथल्या तिथे विचारा. कुणाला घर देणार नाहीत, ते त्याच्या उत्तरात बाहेर येतं.

दुसरी पायरी: वस्तूंचं कौतुक करायला शिका

हा भाग सोपा आणि आनंदाचा. ‘हाय-फाय’ हा शब्द आवाजाच्या यंत्रांवरून आला आणि आता महागड्या, चकचकीत कशालाही लागतो. ‘पॉश’ त्याहून शांत: पॉश एरिया, पॉश ऑफिस. ‘सॉलिड’, ‘कडक’, ‘एक नंबर’, ‘झकास’ यांत महागपणाचा संबंध नाही, नुसती दाद आहे. टपरीवरचा चहाही कडक असतो आणि नवा शर्टही. ‘रापचिक’ म्हणजे टेचात, नटूनथटून. मित्राला म्हणा, साहेबांना नको. ‘बाप’ हे विशेषणही शिकून घ्या: ‘बाप गाडी आहे’ म्हणजे तिच्यापुढे बाकीच्या फिक्या.

अभिरुचीचा खरा वर्ग शिकायचा असेल तर दादरच्या साडीच्या दुकानात जाऊन बसा. दुकानदार विचारतो, ‘फॅन्सीमध्ये दाखवू की सिल्कमध्ये?’ इथे ‘फॅन्सी’ म्हणजे उच्च अभिरुचीचं, असं समजून फसू नका. फॅन्सी म्हणजे टिकल्या, जरीकाम, जॉर्जेट वगैरे. पैठणी, नारायणपेठ, इरकल यांच्याहून वेगळा गठ्ठा. ‘रिच दिसते’ म्हणजे किमतीपेक्षा भारी दिसते. ‘हेवी’ म्हणजे कामाने भरलेली, लग्नाला नेसायची. ‘डेलीवेअर’ म्हणजे रोजची. आणि ‘सोबर’ हा दादर-पार्ल्याच्या मध्यमवर्गाचा सर्वांत लाडका शब्द: रंग सोबर, काठ सोबर, लग्नसुद्धा सोबर. त्याच्या विरुद्ध टोकाला ‘भडक’, आणि त्याच्याही पुढे ‘बटबटीत’.

इथे माझं मत स्पष्ट आहे. सोबर म्हणजे चांगलं आणि भडक म्हणजे वाईट, हे काही सौंदर्याचं शास्त्र नाही. एका वर्गाची ती सवय आहे. कोळीवाड्यातल्या लग्नात किंवा लालबागच्या मिरवणुकीत जे रंग दिसतात, ते तिथे शोभतात आणि तिथल्या माणसांनी ते विचार करून निवडलेले असतात. तुम्हाला गडद गुलाबी आवडत असेल तर ‘सोबर’ या एका शब्दाच्या दबावाखाली राखाडी घेऊ नका.

ब्रँडच्या वस्तूला इथे ‘कंपनीचा’ म्हणतात: ‘बूट कंपनीचे आहेत.’ हुबेहूब नक्कल म्हणजे ‘फर्स्ट कॉपी’, त्याहून हलकी ती ‘डुप्लिकेट’. मागच्या पिढीत ‘फॉरेनचं’ आणि ‘इंपोर्टेड’ हे मानाचे शब्द होते. मुसाफिरखाना, मनीष मार्केट, हाजी अलीजवळचं हिरा-पन्ना इथे सेंट, घड्याळं, टेपरेकॉर्डर मिळायचे. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि परदेशी वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात आली, तशी ‘इंपोर्टेड’ची ऐट उतरली. आता साठीच्या पुढच्या काकांच्या तोंडी तो शब्द ऐकलात तर त्यात त्यांच्या तरुणपणीची हौस ओळखा.

तिसरी पायरी: खाण्यापिण्यातले शब्द

मुंबईत ‘हॉटेल’ म्हणजे खायची जागा. राहायची जागा असेल तर ‘लॉज’ किंवा थेट ‘फाइव्ह स्टार’. उडुप्याच्या हॉटेलात जेवणाची थाळी हवी तर ‘राइस प्लेट’ मागा. चहा अर्धा हवा तर ‘कटिंग’. कटिंग हा गरिबीचा शब्द नाही. लाखाचा पगार असलेलाही टपरीवर कटिंगच मागतो. जरा बऱ्या हॉटेलात बसलात की वेटर विचारतो, ‘रेग्युलर की बिसलेरी?’ कुठल्याही कंपनीची बाटली असली तरी तो बिसलेरीच म्हणेल. ‘रेग्युलर’ म्हणा, बिनसंकोच. तो प्रश्न तुमची ऐपत मोजायला विचारलेला नसतो, रोज शेकडो जणांना विचारलेला असतो.

‘गावठी’ शब्दाकडे मात्र नीट पाहा. दादरच्या बाजारात गावठी अंडी, गावठी कोंबडी, वसई-पालघरकडून आलेली गावठी भाजी आवर्जून शोधली जाते आणि जास्त दाम देऊन घेतली जाते. तोच शब्द माणसाला लावला की अपमान: ‘एकदम गावठी आहे.’ आणि नुसतंच ‘गावठी’ म्हटलं तर हातभट्टीची दारू. पदार्थाला लावलेला शब्द किंमत वाढवतो, माणसाला लावलेला तोच शब्द त्याला खाली ढकलतो.

इराणी हॉटेलांचंही तसंच. गिरणी कामगार, कारकून, कॉलेजची पोरं थोड्या पैशांत मस्कापाव आणि चहा घेऊन तासभर बसू शकतील, अशी ती जागा होती. धोबीतलावजवळचं कयानी १९०४ सालचं. आज तिथे कॅमेरे घेऊन लोक येतात आणि ‘व्हिंटेज’, ‘हेरिटेज’ म्हणतात. जुन्या गिऱ्हाइकांच्या शेजारी बसा आणि तुम्हीही तासभर बसा. त्या टेबलावर तुमचा तेवढाच हक्क आहे.

दोनतीनशे रुपयांची कॉफी, अव्होकाडो लावलेला पाव, जपानी हिरवा चहा यांना घरातली मोठी माणसं एकच शब्द वापरतात: ‘चोचले.’ ‘श्रीमंतांचे चोचले’ किंवा ‘नसती थेरं’. चोचल्यांत थोडी माया असू शकते, आजी नातवाचे चोचले पुरवते. थेरं म्हटलं की नापसंती. सहकाऱ्याच्या डब्यावर किंवा कॉफीवर यातलं काहीच बोलू नका. स्वतःच्या पगारातून स्वतःच्या जिभेची हौस करणं त्याला साजेसं आहे.

चौथी पायरी: फुशारकी ओळखा

इथला शब्दसाठा सर्वांत श्रीमंत आहे, कारण मुंबईला दिखाऊपणा लगेच दिसतो आणि ती तो लगेच बोलून दाखवते.

‘शायनिंग मारणे’ म्हणजे उगाच चमकणे. नवा फोन टेबलावर उलटा-सुलटा करत राहणारा शायनिंग मारतो. ‘भाव खाणे’ त्याहून वेगळं: स्वतःला महाग करणे. बाजारात वस्तूचा भाव चढतो तसा माणूस चढून बसतो, फोन उचलत नाही, बोलावलं तर ‘बघतो’ म्हणतो. त्यावरूनच ‘भाव देणे’ म्हणजे लक्ष देणे. ‘हवा करणे’ म्हणजे बोलबाला करणे, आणि ‘हवा आहे’ म्हणजे सध्या त्याचा बोलबाला आहे. ‘इंग्लिश झाडणे’ म्हणजे गरज नसताना इंग्रजी ऐकवणे. ‘शाणपट्टी’ हा जादा शहाणपणा. हा शब्द अंगावर आला तर भांडण दोन पावलांवर आहे असं समजा.

‘चमकोगिरी’ खास राजकारणातून आलेली. नाक्यावरच्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली ज्यांचे फोटो रांगेने असतात, ते ‘चमको’. काम थोडं, फोटो फार. ऑफिसात साहेबांच्या शेजारी उभं राहायला धडपडणाऱ्यालाही हाच शब्द.

‘वट’ आणि ‘वजन’ मात्र खरे असतात. ज्याची वट असते तो ती दाखवत नाही. त्याचं काम होतं, एवढ्यावरून ती कळते. सोसायटीचा जुना सेक्रेटरी, गणेश मंडळाचा कार्यकर्ता, डब्यातला गेली वीस वर्षं खिडकीजवळ बसणारा गृहस्थ, यांच्याकडे पैसा नसेल पण वट असते. नव्या माणसाने ही वट ओळखायला लवकर शिकावं. अडचणीला तीच माणसं धावून येतात.

‘माज’ जपून वापरा. गावाकडून आलेल्यांना सांगायला नको की गाय-म्हैस माजावर येते त्यातला हा शब्द. ‘पैशाचा माज’ हे वाक्य मुंबईत सर्रास ऐकू येतं, पण तोंडावर म्हटलं तर नातं तुटतं. ‘ऐट’, ‘थाट’, ‘रुबाब’ यांत तसा डंख नाही. ‘काय थाट आहे आज!’ हे कुणालाही आवडतं. ज्याच्याकडे काहीच नाही आणि आव मोठा आहे, त्याच्यासाठी जुनी म्हण अजून चालते: घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा.

पाचवी पायरी: पैशाचे शब्द

महिनाअखेरीला सगळ्यांनाच ‘कडकी’ असते. ‘सध्या कडकी आहे’ हे मित्रांत मोकळेपणाने सांगता येतं, त्यात लाज नाही, आणि जेवणाचं बिल वाटून घ्यायला तेवढं वाक्य पुरतं. ‘चिंधी’ म्हणजे फाटका तुकडा. ‘चिंधीगिरी’ म्हणजे दहा-वीस रुपयांवरून हुज्जत. ‘फुकट्या’ म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर खाणारा. इथे भेद जपा: जो खर्च करू शकत नाही तो कडका, जो करू शकतो आणि करत नाही तो चिंधी. पहिल्याला दुसरं म्हणणं क्रूर आहे.

‘पेटी’ म्हणजे १ लाख आणि ‘खोका’ म्हणजे १ कोटी. आधी हे गुन्हेगारी टोळ्यांचे आणि नंबर दोनच्या व्यवहारांचे शब्द होते. पुढे बिल्डर आणि दलालांत रुळले, आणि २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी खोक्यांच्या घोषणा दिल्या तेव्हा शाळकरी मुलांनाही कळले. घराचा सौदा करताना कुणी हे शब्द वापरले तर आकडा रुपयांत, पूर्ण लिहून मागा.

लग्नाच्या बोलणीत शब्द मऊ होतात. ‘खातंपितं घर’ म्हणजे सुस्थितीतलं, ‘गर्भश्रीमंत’ म्हणजे पिढीजात, ‘बरं चाललंय त्यांचं’ म्हणजे कधीकधी खूपच बरं. वर्तमानपत्रांत मात्र ‘उच्चभ्रू वस्ती’ आणि ‘पांढरपेशा’ भेटतील. हे वाचायचे शब्द. कुणी स्वतःच्या घराला उच्चभ्रू म्हणत नाही.

आणि ‘थर्डक्लास’. सिनेमा, जेवण, वागणूक, काहीही टाकाऊ ठरवायला हा शब्द अजून वापरतात. भारतीय रेल्वेने तिसरा वर्ग १९७४ साली बंद केला. ज्यांनी तो डबा कधी पाहिलाही नाही, तेही आज हा शब्द वापरतात. लोकलमध्ये आता सेकंड, फर्स्ट आणि २५ डिसेंबर २०१७ पासून एसी, अशा पायऱ्या आहेत. नव्या नोकरीत फर्स्ट क्लासचा पास काढावा का, असं मला विचारलं तर सांगेन, गर्दी सोसत नसेल तर काढा, लोक काय म्हणतील म्हणून काढू नका.

सहावी पायरी: कळू द्या, पण बोलू नका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची.

‘घाटी’ हा मूळचा घाटावरून, सह्याद्रीच्या पलीकडून मुंबईत उतरलेल्या माणसाला लावलेला शब्द. गोदीत, गिरण्यांत, हमालीत ज्यांनी अंग मोडून काम केलं, त्यांच्यासाठी. पुढे तो सरसकट मराठी माणसासाठी, आणि मग रंग, कपडे, बोलण्याची ढब यांच्यासाठी शिवीसारखा झाला. काही मराठी तरुण आपापसात गंमतीने स्वतःला घाटी म्हणवून घेतात. तो त्यांचा आपसातला हक्क आहे, बाहेरच्याला परवाना नाही. ज्यांनी हा शब्द सोसला त्यांनीच दुसऱ्याला ‘भय्या’ किंवा ‘मद्रासी’ म्हणावं, हे मला फार खटकतं. दूधवाला, टॅक्सीवाला, भाजीवाला, प्रत्येकाला नाव असतं. ते विचारायला काहीच लागत नाही.

‘छपरी’ सध्या जोरात आहे. रंगवलेले केस, आवाज करणारी बाइक, चकाकणारे बूट दिसले की मोबाइलवर लगेच हा शिक्का. या शब्दाचं नातं छप्परबंद या समाजाशी जोडलं जातं. हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे; इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर तो शिक्का पुसण्यासाठी झगडणाऱ्या समाजांपैकी एक. कुणाची केशभूषा आवडली नाही म्हणून एका अख्ख्या समाजाच्या नावाशी खेळू नका. ‘मला नाही आवडत’ एवढं म्हणणं पुरे आहे.

‘व्हर्नी’ किंवा ‘व्हर्नाक’ हा कॉलेजातला शब्द, मराठी-गुजराती माध्यमातून आलेल्या मुलांसाठी. तालुक्याच्या शाळेतून मुंबईच्या कॉलेजात आलेली हुशार मुलगी याच शब्दामुळे वर्षभर वर्गात हात वर करत नाही. तुमच्यासमोर कुणी कुणाला असं म्हणालं तर गप्प राहू नका.

‘झोपडपट्टी’ हे घराचं वर्णन आहे, स्वभावाचं नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची ४० टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्ट्यांत राहते. तुमच्या बँकेतला कॅशियर, इस्पितळातली नर्स, दारावर पार्सल आणणारा मुलगा, तुमचा टीम लीडरही तिथून येत असेल. ‘झोपडपट्टीछाप’ म्हणताना समोर कोण बसलंय याची तुम्हाला कल्पना नसते.

जातीवरून बोलणं याहूनही गंभीर. आडनाव खोदून विचारणं, ‘कोट्यातला’ म्हणणं, वस्तीच्या नावावरून जात ताडणं, हे सगळं त्यात आलं. लोकांसमोर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी हे बोलायचं नव्हतंच.

काही शब्द दिसायला साधे असतात. ‘तिथली पब्लिक कशी आहे?’, ‘क्राउड चांगला नाही’, ‘आपल्या स्टँडर्डचं वाटत नाही.’ गर्दी, अस्वच्छता, असुरक्षितता यांपैकी नेमकं काय खटकतं ते बोलता आलं तर बोला. नुसतं ‘क्राउड’ म्हणण्यात माणसंच नकोशी आहेत, असा अर्थ निघतो.

सातवी पायरी: हाक नीट मारा

वर्ग सर्वांत लवकर हाकेत दिसतो. दुकानदार तुम्हाला ‘शेठ’, ‘बॉस’, ‘मॅडम’ म्हणेल. त्यात फुशारून जायचं कारण नाही. तुम्ही काय म्हणता ते पाहा. घरकामाला येणाऱ्या बाईंना ‘मावशी’ किंवा ‘ताई’ आणि ‘तुम्ही’. वॉचमनला ‘काका’ किंवा नावापुढे ‘भाऊ’. जुन्या मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याला सरसकट ‘रामा’ म्हणत, त्याचं खरं नाव काहीही असो. तो काळ गेला, पण पाठीमागे ‘आमची कामवाली’ म्हणणं अजून चालू आहे. ‘आमच्याकडे सुनंदाताई येतात’ असं नावाने म्हणून पाहा.

मुंबईच्या मराठीत सहकाऱ्यांना पटकन ‘तू’ म्हणतात. वयाने मोठा सहकारीही ‘अरे, तू म्हण ना’ म्हणतो. त्याने म्हटलं की म्हणा. पण शिपाईकाकांना ‘तू’ आणि साहेबांना ‘तुम्ही’ अशी वाटणी करू नका. ऑफिसात शिपाईही वयाने मोठे असतात. काही इमारतींत नोकरांसाठी वेगळ्या लिफ्टची पाटी असते. ती तुम्हाला एकट्याने काढता येणार नाही, पण मावशींना आपल्याबरोबर आपल्या लिफ्टमध्ये घेऊन जाता येतं.

आठवी पायरी: शब्द तुमच्यावर आला तर

कधीतरी येईलच. ‘काय गावठी बोलतोस’, ‘कसला घाटी कलर घातलायस’, ‘मराठी मीडियम ना?’ चिडून उलट शब्द फेकू नका आणि हसून गिळूही नका. शांतपणे विचारा, ‘म्हणजे कसं?’ बहुतेकांना अर्थ सांगता येत नाही, ते चाचरतात आणि विषय बदलतात. जो सांगेल, त्याला सांगा: ‘हो, मराठी मीडियम. यवतमाळचा.’ आणि कामाचं बोलायला लागा. तरीही तोच माणूस पुन्हा पुन्हा करत असेल तर तारीख, वाक्य आणि कुणासमोर म्हटलं, ते लिहून ठेवा आणि एचआरकडे किंवा वरिष्ठांकडे लेखी द्या. तोंडी तक्रार विरून जाते.

आपल्याकडचे शब्द मात्र सोडू नका. ‘लय भारी’, ‘नाद खुळा’, ‘कायले’, ‘का बे’ हे सगळे इथे ऐकले जातात, आवडतात आणि उचललेही जातात. पहिल्या आठवड्यात सहकारी हसतील, पुढच्या महिन्यात त्यांच्याच तोंडी ‘नाद खुळा’ येईल. जेवणाच्या सुट्टीत कुणी विचारलं, ‘हे तुमच्याकडे काय म्हणतात?’ तर सविस्तर सांगा, आणि त्याच्या आजोळी काय म्हणत होते तेही विचारा. मुंबईतल्या बहुतेक घरांना अजून एक गाव असतं: राजापूर, कराड, जुन्नर, मालवण. तिथलं नाव काढलं की माणूस डबा तुमच्याकडे सरकवतो आणि गप्पा सुरू होतात.